वेताळाचे अंक आणि रद्दीचा भाव

१

दिवाळीच्या अगोदर आठ-पंधरा दिवस घराघरांत झाडलोट सुरू होते आणि तिच्या पहिल्या तडाख्यात घराबाहेर पडते ती रद्दी. माळ्यावरची वर्तमानपत्रे, गतसालचे दिवाळी अंक, मुलांच्या संपलेल्या वह्या आणि त्यांच्या थप्पीत कुठेतरी दबून राहिलेली चित्रकथांची पुस्तके, असा सर्व ऐवज एकाच तराजूत पडतो. रद्दीवाला वजन पाहतो. मजकूर पाहणे हा त्याचा धंदा नव्हे. घरची माणसेही त्या वेळी काट्याकडेच डोळे लावून असतात. घर स्वच्छ होते, लक्ष्मीला यावयास वाट मोकळी होते, आणि एका पिढीचे बालपण शेंगदाण्याच्या पुड्या बांधण्यासाठी किराणा दुकानाकडे रवाना होते.

आता दुसरी गोष्ट पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ‘सुपरमॅन’ या चित्रकथामालेच्या पहिल्या अंकाची एक प्रत लिलावात ९१ लक्ष २० हजार डॉलरांस विकली गेली. अंक १९३९ सालचा, मूळ किंमत १० सेंट. तीन भावांना तो आपल्या दिवंगत आईच्या घराच्या माळ्यावर, पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडला होता. हलक्या प्रतीचा कागद, घाईघाईची रंगीत छपाई, पाठीला दोन तारेच्या टाचण्या. आपल्याकडच्या तराजूत जे पडते त्याहून निराळे असे त्या वस्तूत काय होते? काहीच नव्हते. निराळे होते ते एवढेच, की तिच्या बरोबरीच्या बाकीच्या बहुतेक प्रती केव्हाच रद्दीत गेल्या होत्या आणि ही तेवढी चुकून राहिली होती.

हे ‘चुकून राहणे’ ही या साऱ्या व्यवहाराची किल्ली आहे. व्यापाऱ्यांनी ती किल्ली आपल्या हाती घेण्याचे नाना प्रकारांनी प्रयत्न केले. जे चुकून घडते ते मुद्दाम घडवून आणावे म्हणून कल्पकतेची शर्थ केली. त्या प्रयत्नांचा इतिहास मनोरंजक आहे, आणि परतवाड्यासारख्या वऱ्हाडातील गावात बसून तो लिहिताना तो वाटतो तितका परकाही नाही.

२

माल विकण्यासाठी चित्र द्यावयाचे ही युक्ती चित्रकथांच्या पुष्कळ आधीची आहे. वऱ्हाडने ती आपल्या कापसाच्या बदल्यात पाहिलेली आहे.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साऱ्या व्यापाऱ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली आगगाडी नागपुरापर्यंत पोचली. कापूस मुंबईमार्गे विलायतेस जाऊ लागला आणि त्याच वाटेने तयार कापडाचे तागे परत येऊ लागले. या प्रत्येक ताग्यावर एक रंगीत कागद चिकटविलेला असे. त्यावर कधी गजलक्ष्मी, कधी कृष्ण, कधी वाघ, कधी आगबोट, तर कधी एखादा संस्थानिक. गिऱ्हाइकाला इंग्रजी अक्षर वाचता येत नसे. पण चित्र वाचता येई. ‘हत्ती छाप दे,’ एवढे म्हटले की काम भागे. छापखाना मँचेस्टरचा, देव आपले, आणि कापूसही आपलाच, असा तो तिहेरी मामला होता.

हे कागद विकत मिळत नसत. कापड फाडून दिले की दुकानदाराच्या दृष्टीने त्यांचे काम संपे. परंतु लोकांनी ते फेकले नाहीत. सोडवून घेतले, भिंतीवर लावले, पेटीच्या झाकणाला आतून डकवले. आज अशा छापांचे संग्रह होतात. २०२५ साली बंगळूरच्या एका कलासंग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. गिरणीमालकाने कापड विकण्यासाठी जोडलेला कागद कापडाहून अधिक टिकला. कापड अंगावर विरले; चित्र मात्र राहिले.

राजा रविवर्म्याच्या छापखान्याची कथा याच जातीची. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला हा छापखाना लक्ष्मी-सरस्वतींना सामान्य माणसाच्या घरात घेऊन आला. पाठोपाठ तीच चित्रे साबणाच्या, बाळअन्नाच्या, औषधांच्या जाहिरातींवर अवतरली आणि दिनदर्शिकांच्या रूपाने फुकट मिळू लागली. वर्ष संपले तरी दिनदर्शिका भिंतीवरून निघेना. खालचे महिने कापून वरची देवी चौकटीत बसविली जाई. १९७२ साली मळवलीच्या छापखान्यास आग लागली. आज त्या मूळ छपाईच्या चित्रांसाठी लोक चांगली रक्कम मोजतात. ज्या काळी ती घरोघर होती त्या काळी त्यांच्याकडे ‘पुढे भाव येईल’ म्हणून कोणी पाहिले नव्हते. त्यांच्यापुढे उदबत्ती लावली जाई, आणि त्या उदबत्तीच्या धुराने ती काळवंडत.

३

खुद्द दिवाळी अंक ही तरी काय आहे? १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी प्रकाशकांना वर्षातून एकदा आपल्या अंकाला सणाचा पोशाख चढविण्याची संधी मिळाली. जाडजूड आकार, गुळगुळीत कागद, वर दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांच्या हातचे मुखपृष्ठ. मुखपृष्ठ पाहून अंक घेणारा वाचक त्या काळी थोडाथोडका नव्हता. त्यात विक्रीची नजर होतीच, पण कोणी तिला फसवणूक म्हटले नाही. कारण मुखपृष्ठाच्या आत वाचावयास मजकूरही तितकाच भरगच्च असे.

या परंपरेतील सर्वांत खट्याळ युक्ती ‘आवाज’ची. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या या विनोदी अंकाने ‘खिडकी’चित्रे प्रसिद्धीस आणली. पानाला भोक पाडलेले. त्या भोकातून मागच्या पानावरचा तुकडा दिसतो आणि वाचकाच्या मनात नको ती शंका येते. पान उलटले की भलतेच निरागस चित्र समोर येते आणि आपल्याच मनाची आपल्याला लाज वाटते! घराघरांत वडीलधारी माणसे हा अंक मुलांपासून लपवीत आणि मुले तो हमखास शोधून काढीत.

या खिडकीची गोष्ट येथे मुद्दाम सांगितली. कागदाला भोक पाडून गिऱ्हाईक ओढण्याची हीच युक्ती अमेरिकेतील चित्रकथांच्या प्रकाशकांनी १९९० नंतर मोठ्या गाजावाजाने वापरली. दोहोंत एक मूलभूत फरक आहे. ‘आवाज’ची खिडकी पान उलटल्याखेरीज निरर्थक होती, ती वाचकाला आत ओढीत असे. अमेरिकेत मात्र वाचकाने पान उलटूच नये अशी वेळ त्या युक्त्यांनी आणली. ते कसे, हे पुढे येईलच.

४

मराठी मुलांच्या हाती प्रथम आला तो चांदोबा. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ च्या जुलैत मद्रासेत तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केलेले हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागले. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला विक्रम राजा आणि त्याला कोड्यात टाकणारा वेताळ यांची ओळख मराठी मुलांना त्याने चित्रांतून करून दिली. गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपाने वेताळ त्यांच्या परिचयाचा होताच.

मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशकांनी, म्हणजे बेनेट कोलमन कंपनीने, ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली आणि मराठी मुलांना दुसरा वेताळ मिळाला. अमेरिकेत ली फॉक या लेखकाने १९३६ साली वर्तमानपत्रासाठी निर्माण केलेला हा बुरखाधारी वीर. घनदाट जंगलातील कवटीच्या आकाराच्या गुहेत तो राहतो. पित्यामागून पुत्र असे एकवीस पुरुष तोच पोशाख घालीत आले, म्हणून जग त्याला अमर समजते. मराठीत त्याचे बारसे करताना ‘वेताळ’ हे नाव ज्याला सुचले त्याच्या कानाला दाद दिली पाहिजे. परका वीर एका शब्दाने गावच्या वेशीवर आला.

आरंभीचे ३२ अंक केवळ याच्याच कथांचे होते. पुढे जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन अशी मंडळी आळीपाळीने येऊ लागली आणि १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्मिलेला ‘बहादूर’ हा भारतीय नायक आला. माला इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी, बंगाली इत्यादी भाषांतूनही निघे. १९९० साली ती बंद पडली तोवर ८०३ अंक निघाले होते. मूळ कथांतील काही नावे येथे जाणूनबुजून बदललेली असत. वेताळाच्या देशाचे मूळ नाव ‘बंगाल’ची आठवण करून देणारे होते, त्याचे येथे ‘डेंकाली’ झाले. समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ होते, त्याचे ‘सिंगा’ झाले. आपल्याच माणसांना चाचे ठरविणारी गोष्ट आपल्याच मुलांना विकावयाची, तर एवढी काळजी घेणे प्रकाशकास भाग होते.

परतवाड्याला या कथांची गोडी निराळी होती. परतवाडा ही एलिचपूरची, म्हणजे आजच्या अचलपूरची, जुनी लष्करी छावणी. मेळघाटच्या पायथ्याचे आणि सागवानी लाकडाच्या व्यापाराचे गाव. येथून एक रस्ता चिखलदऱ्यास चढतो, एक सेमाडोहमार्गे धारणीकडे जंगलात शिरतो. मुंबई-पुण्याच्या मुलाला वेताळाचे जंगल चित्रातच पाहावे लागे. येथल्या पोराने मान वर केली की गाविलगडचे डोंगर समोर दिसत, आणि त्या जंगलातला वाघ काही छापील नव्हता. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा सरकारने त्या जंगलाला जी प्रतिष्ठा दिली, ती डेंकालीच्या वाचकांनी आधीच देऊन टाकली होती म्हणावयास हरकत नाही. कोरकूंच्या वस्तीतून येणारी मोळी-मधाची माणसे गावच्या बाजारात हिंडत. वेताळाच्या गोष्टीतील बुटक्या वनवासी लोकांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण बाजारात त्यांच्याकडे टक लावून पाहणाऱ्या पोराच्या मनाला ते कोण समजावणार?

मुंबईहून वऱ्हाडात यावयाची मोठी वाट भुसावळ-बडनेऱ्याची. तिच्यावरच्या मूर्तिजापूरहून १९१३ साली कापसासाठी म्हणून एक अरुंद लोहमार्ग अचलपुरापर्यंत टाकण्यात आला. तीच आपली ‘शकुंतला’. तिचे वाफेचे एंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले होते आणि १९९४ पर्यंत ते राबले. म्हणजे इंद्रजालचे सर्व अंक निघून संपले तरी ते एंजिन चालूच होते. गेली काही वर्षे ती गाडी बंद आहे. ज्या मार्गाची आखणी कापूस नेण्यासाठी झाली, त्याच टापूत मोठ्या शहराचे छापील कागद येऊन पोचत. आधी ताग्यावरचे छाप आले, मागून वेताळ आला.

नवा अंक विकत घेणे सर्वांच्या आटोक्यातले नव्हते. लहान गावांतून भाड्याने पुस्तके देणारी दुकाने असत. काही पैसे द्यावे, तिथल्याच बाकावर बसून वाचावे, नाहीतर घरी न्यावे. अंक टिकावा म्हणून दुकानदार त्याला आडवा दोरा घालून शिवी, वर खाकी कागद घाली, पहिल्या पानावर शिक्का मारी. मुले पेन्सिलीने नावे लिहीत, एखादे पोर वेताळाला मिशा काढी. आरंभीच्या काही अंकांच्या मलपृष्ठावर भिंतीवर लावण्याजोगे मोठे चित्र असे. ते भिंतीवर लावावयाचे म्हणजे अंकाचे पान फाडणे आले! प्रकाशकाने खपासाठी दिलेल्या भेटीनेच प्रतीचा घात व्हावा, हा या धंद्यातला नित्याचा विनोद आहे.

५

आता अमेरिकेकडे वळू. कारण हौसेचा बाजार कसा तयार होतो आणि कसा कोसळतो याचा पुरा धडा तेथेच गिरविला गेला.

सुपरमॅनचा जन्म जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ अंक १ मध्ये झाला. मुलांनी अंक वाचला, अदलाबदल केली, खिशात कोंबला. पाठोपाठ दुसरे महायुद्ध आले आणि युद्धकार्यासाठी शाळकरी मुलांनी घरोघर फिरून जुना कागद गोळा केला. आपल्या दिवाळीत जे होते तेच तेथे राष्ट्रकार्य म्हणून झाले. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा आरोप ग्रंथरूपाने केला. काही ठिकाणी या पुस्तकांच्या होळ्याही झाल्या होत्या. शिवाय विक्रीची पद्धत अशी, की न खपलेल्या अंकाचे मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाला परत पाठवावयाचे आणि उरलेला कागद नष्ट करावयाचा. इतक्या संकटांतून पार पडून त्या पहिल्या अंकाच्या आज शंभराच्या आसपास प्रती उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. एप्रिल २०२४ मध्ये त्यांतील एक ६० लक्ष डॉलरांस गेली.

१९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट याने जुन्या अंकांच्या भावांची मार्गदर्शिका छापली. तोवर हौशी माणसे आपसात ठरवीत तो भाव. आता भाव छापील झाला, आणि छापील गोष्टीवर माणसाचा विश्वास चटकन बसतो. त्याच दशकात केवळ चित्रकथांची दुकाने निघाली. त्यांना प्रकाशक माल सवलतीत देत, पण न खपलेला परत घेत नसत. या व्यवस्थेचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात आला नाही. पूर्वी उरलेला अंक नष्ट होई. आता तो दुकानाच्या मागच्या खोलीत नवाकोरा पडून राहू लागला. दुर्मीळपणाचा झरा तेथेच आटला.

वर्तमानपत्रांतून लिलावांच्या बातम्या झळकू लागल्या तसे लोकांना वाटू लागले की आजचा अंक जपला तर उद्या तोच मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागवील. प्रकाशकांनी ही आशा हेरली. १९९० साली ‘स्पायडरमॅन’ची नवी माला निघाली तिचा पहिला अंक निरनिराळ्या रंगांच्या मुखपृष्ठांसह सुमारे २५ लक्ष खपला. १९९१ साली ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांनी आला. कथा एकच, वेष्टने पाच; सर्व हवी असतील तर पाच वेळा पैसे मोजा. त्याच्या ८० लक्षांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या. मग चंदेरी वर्खाची मुखपृष्ठे आली, अंधारात चमकणारी आली, भोके पाडलेली आली. दुकानदाराने २५ प्रती घेतल्यास त्याला वेगळ्या मुखपृष्ठाची एक प्रत मिळेल, अशी आमिषे रूढ झाली. दुकानदार दहा विकण्याची ऐपत असताना पंचवीस मागवी, ती एक प्रत चढ्या भावाने विकी आणि उरलेल्या पंधरा खोक्यात ढकली. खपाचा आकडा मात्र पंचवीसच दिसे.

कळस झाला तो १८ नोव्हेंबर १९९२ रोजी. त्या दिवशी विक्रीस आलेल्या ‘सुपरमॅन’च्या ७५ व्या अंकात नायकाचा मृत्यू दाखविला होता. अंक काळ्या पिशवीत बंद करून दिला. आत दंडाला बांधण्याची काळी फीतही होती. दुकानांपुढे रांगा लागल्या. सुमारे ६० लक्ष प्रती खपल्या, आणि घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी पिशवी फोडलीच नाही. कारण पिशवी फुटली की भाव गेला. ज्यांना वाचावयाचे होते त्यांनी दोन प्रती घेतल्या, एक डोळ्यांसाठी आणि एक तिजोरीसाठी. नायक वर्षभराच्या आत पुन्हा जिवंत झाला. त्याचे सुतक पाळणारे मात्र अजून त्या पिशव्या सांभाळून आहेत.

हिशेब अगदी सोपा आहे. एका अंकाची एक प्रत ६० लक्ष डॉलरांना जाते. दुसऱ्याच्या ६० लक्ष प्रती निघतात. पहिला मौल्यवान, कारण तो कोणी जपला नाही. दुसरा जवळजवळ सर्वांनी जपला, म्हणून त्याला मोल नाही. ‘पिकते तेथे विकत नाही’ ही आपली म्हण न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी ऐकलेली नसावी. दोन-तीन वर्षांत हौशी गुंतवणूकदारांचे डोळे उघडले, शेकडो दुकाने बंद झाली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘स्पायडरमॅन’ व ‘एक्स-मेन’ यांची मालक असलेली मार्व्हल कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात उभी राहिली.

एवढ्यावर शहाणपण यावे, पण २००० साली आणखी एक संस्था निघाली. ती अंक तपासते, त्याला दहापैकी गुण देते आणि पारदर्शक कठीण पेटीत कायमचा बंद करते. पेटी उघडली की गुण रद्द. २०२४ सालच्या त्या साठ लक्षांच्या प्रतीला दहापैकी साडेआठ गुण होते. वर्गात इतके गुण मिळविणारे मूल निदान तोंड उघडून बोलते तरी. या पुस्तकाला उघडण्याचीच बंदी आहे. पुस्तकाची मूर्ती झाली, आणि मूर्तीला कोणी वाचीत नसते.

६

आपल्याकडे या युक्त्या आल्या त्या लहान प्रमाणात आणि गरिबीच्या मानाने. १९८० च्या दशकात ‘गोल्ड स्पॉट’च्या बाटलीच्या झाकणाखाली ‘जंगल बुक’मधील प्राण्यांची चित्रे निघत आणि मुले पानपट्टीच्या दुकानापुढे पडलेली झाकणे वेचीत हिंडत. ‘बिग फन’च्या च्युइंगमच्या वेष्टनावर क्रिकेटपटू आणि धावा असत, त्या धावा जमवून भेट मिळवावयाची. पुढे दिल्लीच्या हिंदी चित्रकथा विशेषांकांबरोबर फुकट स्टिकर देऊ लागल्या. मुलांनी ते स्टिकर तत्काळ कंपासपेटीवर आणि कपाटाच्या दारावर डकवले. आजच्या संग्राहकाच्या भाषेत त्यामुळे ती प्रत ‘अपुरी’ झाली. मुलाच्या भाषेत ती त्याच क्षणी पुरी झाली होती.

आपल्या दोन मालांची तुलना या बाबतीत बोधप्रद आहे. इंद्रजालच्या कामाशी संबंध असलेले अनंत पै यांनी १९६७ साली इंडिया बुक हाउसतर्फे ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा मराठी चित्रकारांनी तिला रूप दिले. तिचे पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. म्हणून ज्या ‘कृष्ण’ अंकाला सारे पहिला मानतात त्याचा मूळ क्रमांक ११. या मालेची पुस्तके वारंवार छापली गेली, बांधीव खंडांत निघाली, आजही दुकानात मिळतात. म्हणून तिच्या साध्या प्रतीला जुन्या बाजारात फारसा भाव नाही. तिचे मोल भावात नाही, वाचकांच्या संख्येत आहे. इंद्रजाल मात्र साप्ताहिकासारखे आले आणि गेले. एका रुपयाच्या आतल्या किमतीचे तिचे आरंभीचे अंक आज शेकडो पटींनी विकले जातात.

तिच्या क्रमांकांत एक गंमत आहे. १२३ आणि १२४ हे क्रमांक निघालेच नाहीत. त्या सुमारास प्रकाशन संस्थेत संप होता. त्यामुळे क्रमांक ८०५ पर्यंत गेले आणि अंक झाले ८०३. संच पुरा करू पाहणारा नवखा संग्राहक त्या दोन अंकांच्या शोधात वणवण करतो. जगातील अत्यंत दुर्मीळ वस्तू कोणती, तर जी कधी छापलीच गेली नाही ती! हा चमत्कार कोणत्याही व्यापाऱ्याच्या युक्तीने घडलेला नाही. छापखान्यातील कामगारांनी काम थांबविले म्हणून घडला.

७

हे सर्व पाहिल्यावर प्रश्न उरतो तो असा, की रद्दी जाऊ द्यावी की जपावी? भावासाठी जपावी, असे म्हणवत नाही. तो नाद ज्यांनी केला त्यांच्या काळ्या पिशव्यांची हकीकत वर आलीच आहे. परंतु सरसकट जाऊ द्यावी, असेही म्हणवत नाही. आणि त्याचे कारण पैशाचे नाही.

बाजार जेव्हा जुन्या अंकाची निवड करतो तेव्हा तो कोणती प्रत निवडतो हे पाहावे. कोरी, कडक, नाव न लिहिलेली, शिक्का नसलेली, दोरा न घातलेली. म्हणजे जी प्रत कोणी वाचली नाही तिला पूर्ण गुण, आणि जी शंभर हातांतून गेली ती बाद. अशा निवडीने पन्नास वर्षांनी काय शिल्लक राहील? मुंबईच्या छापखान्याने काय छापले ते राहील. अचलपूर, अंजनगाव, अकोट, मूर्तिजापूर येथे ते कोणी वाचले, किती जणांत एक अंक फिरला, भाडे किती पडे, कोणत्या इयत्तेतील पोराने कोणत्या पानावर आपले नाव घातले, हे सर्व पुसले जाईल. आणि वाचनाचा इतिहास असतो तो नेमका त्या शिक्क्यांत, त्या दोऱ्यात आणि त्या पेन्सिलीच्या मिशांत.

१९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी आपल्या प्रकाशनांच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणच्या ग्रंथालयांस द्यावयाच्या असतात. कायदा चांगला आहे. परंतु तो फार झाले तर कोरी प्रत जपेल. वाचलेली प्रत जपणे हे ज्यांनी वाचली त्यांचेच काम आहे. इतिहासकारांनी आपल्याकडे सनदा, बखरी, ताम्रपट शोधले. वाड्यांच्या तळघरांतून दप्तरे बाहेर काढली. त्यांतील पुष्कळ कागद त्या त्या घरच्या माणसांना रद्दीच वाटत होते, आणि कित्येक तर वाण्याकडे पुड्यांसाठी गेल्यावर हाती लागले. आजच्या पोरांच्या पोथ्या म्हणजे ही चित्रकथांची पुस्तके. त्यांचे दप्तर सांभाळणारा राजवाडे जन्मास येईपर्यंत ती टिकली तर पाहिजेत!

यासाठी पेटी नको, गुण नकोत, भावाची मार्गदर्शिका नको. प्रत्येक गावच्या वाचनालयाने एक कपाट यासाठी राखावे आणि लोकांनी आपल्या घरचे फाटके अंक तेथे आणून द्यावेत. देताना ते कोठे मिळाले, कोणाबरोबर वाचले, एवढे दोन ओळींत लिहून द्यावे. ज्यांनी अशी भाड्याची दुकाने चालविली ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्याशी बोलून कोणी त्यांच्या आठवणी टिपून घेईल तर ते काम एखाद्या शिलालेखाच्या वाचनाइतकेच मोलाचे ठरेल. शिलालेख थांबू शकतो. माणसे थांबत नाहीत.

औंदाची झाडलोट सुरू झालीच असेल. रद्दीवाला दारात येऊन काटा धरील तेव्हा थप्पी त्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी एकदा चाळून पाहावी. वर्तमानपत्रे खुशाल द्यावीत. मधून एखादा वेताळ निघाला, मुखपृष्ठ फाटलेला, पाठीला दोरा घातलेला, तर तो बाजूला काढून त्याचे पहिले पान उघडावे. त्याला किती पैसे येतील हे मनात आणू नये. तेथे कोणाचे नाव लिहिले आहे तेवढे वाचावे.